राजगडावरून तोरण्यावर

राजगड–तोरणा–रायगड ही सह्याद्रीतली जुनी, लांब पल्ल्याची वाट. मुरलेले ट्रेकर ती काही दिवसांत सलग चालतात. राजगडावरून तोरणा, तिथून भट्टी, मोहरी, मग बोराट्याच्या नाहीतर सिंगापूरच्या नाळेनं कोकणात उतरायचं आणि रायगड गाठायचा. आम्ही डिसेंबरात त्यातला फक्त पहिला टप्पा केला. गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडायचं, डोंगराच्या धारेवरून तोरण्याची बुधला माची गाठायची आणि पलीकडे वेल्ह्यात उतरायचं. सगळं एका दिवसात.

आम्ही तिघं होतो. मी, माझी धाकटी जाऊ आणि भाचा. भाचा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या ग्रुपबरोबर त्याने ही वाट आधी केली होती, पण उलट्या दिशेनं. आम्हा दोघींची पन्नाशी उलटली आहे. सिंहगड नेहमीचा. राजगड आणि तोरणा वेगवेगळे चढून झालेले. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तो पुण्यात घरीच थांबला.

कोणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून घडलं ते क्रमानं सांगते.

पहिला प्रश्न गाडीचा. एरवी गाडी पायथ्याला लावायची, गड बघायचा आणि तिथेच उतरायचं. इथे चढायचं गाव एक आणि उतरायचं दुसरं. गुंजवण्यात गाडी ठेवली तर दिवसभर चालून वेल्ह्यात उतरल्यावर परत गुंजवण्याला जायला अंधारात जीप शोधायची. एसटीच्या भरवशावर राहावं, तर आपण किती वाजता खाली येऊ हेच नक्की नसतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी दुपारी नसरापूरमार्गे गाडी थेट वेल्ह्याला नेली. ज्या हॉटेलात जेवलो त्यांच्याच अंगणात त्यांना विचारून लावली. डिकीत पाण्याचा कॅन, कोरडे कपडे, चपला आणि चिवड्याचा डबा ठेवला. गाडीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या सॅकमध्ये, आतल्या कप्प्याला सेफ्टी पिन लावून.

तिथून गुंजवण्याला सोडायला एक जीप फोनवर ठरवली होती. ती आलीच नाही. चारची वेळ दिलेली, साडेपाचपर्यंत वाट पाहिली, मग फोनही लागेना. शेवटी हॉटेलवाल्यांनीच त्यांच्या ओळखीच्या एकाला बोलावून घेतलं. मार्गासनीपर्यंत मागे येऊन साखरमार्गे गुंजवण्यात पोचेपर्यंत काळोख पडला होता. हा उशीर आदल्या संध्याकाळी झाला म्हणून काही बिघडलं नाही. हीच जीप दुसऱ्या दिवशी रात्री आम्हाला न्यायला येणार असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री माझ्या मनात बराच वेळ होता.

गुंजवण्यात एका घरी उतरलो. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. घरच्या दादांनी कुठून कुठे जाणार ते विचारलं आणि आम्हा दोघींकडे बघून सरळ सांगितलं, "ताई, मधी एकच डांबरी रस्ता लागतो, खिंडीत. तिथं बारा-साडेबारापर्यंत पोचा. एक वाजून गेला तर फुडं जाऊ नका. रस्त्यानं येल्ह्याला उतरा. त्या खिंडीच्या फुडं मधी कुठं उतरायला जागा न्हाई." मी तेव्हाच जाऊला आणि भाच्याला म्हटलं, एक वाजला तर तोरणा रद्द. दोघांनी मान्य केलं. नवऱ्यालाही फोन करून सांगितलं की रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही तर वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात कळव. नंबर त्याने लिहून घेतला.

पहाटे पाचला निघालो. डिसेंबरात उजाडायला पावणेसात होतात. पाचला निघण्याचा हिशोब असा, की चोर दरवाजाच्या वाटेचा रानातला चढ बॅटरीच्या उजेडात होतो आणि वरचा कातळाचा, रेलिंग लावलेला भाग येईपर्यंत फटफटतं. तसंच झालं. चोर दरवाजातून वाकून आत शिरलो आणि समोर पद्मावती तलाव. थंडी चांगलीच होती. घामानं भिजलेला शर्ट पाठीला चिकटून गार पडला, तेव्हा कोरडा बदलला.

पद्मावती मंदिराजवळ चटणी-पोळी खाल्ली आणि टाक्यातून पाणी भरून घेतलं. इथे जेवढं पाणी घ्याल तेवढंच पुढे. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, थेट तोरण्यावरच मिळतं. आम्ही माणशी चार लिटर घेतलं. जाऊला ते ओझं जास्त वाटत होतं. भाचा म्हणाला, "मामी, जड लागलं तर मी घेतो, पण ओतू नका." दिवस मावळेपर्यंत त्यातला थेंबही उरला नाही.

मंदिरासमोर सईबाईंची समाधी आहे. तिथे हात जोडले आणि निघालो. बालेकिल्ला आणि सुवेळा माची मुद्दाम सोडली. हे जिवावर येतं, पण ज्या दिवशी तोरण्याला जायचं त्या दिवशी राजगड बघायला वेळ काढता येत नाही. बालेकिल्ला करून निघालेले दोघं जण आम्हाला नंतर खिंडीत भेटले. ते वेल्ह्याकडे जाणारं वाहन शोधत होते. हे पुढचं झालं.

संजीवनी माची मात्र वाटेतच आहे आणि ती सावकाश बघण्यासारखी आहे. टप्प्याटप्प्यानं उतरत जाणारी लांबलचक माची, बुरूज आणि दुहेरी तटबंदी. दोन भिंतींच्या मधल्या बोळात उतरून उभं राहिलं की बाहेरचा वारा पूर्ण थांबतो. शत्रूने बाहेरची भिंत पाडली तरी आतली शाबूत राहावी, अशी ती रचना. शिवाजी महाराजांनी आधी तोरणा घेतला, तिथे सापडलेलं धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर लावलं आणि त्याचा राजगड झाला. माचीवरून समोर तोरणा सबंध दिसतो. १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. मधली धार वर-खाली होत तिकडे गेलेली दिसते. खरं सांगायचं तर ती बघून माझ्या पोटात गोळा आला. खालून नकाशावर एवढी वाटत नव्हती. मी काही बोलले नाही. जाऊही बोलली नाही.

सव्वानऊला अळू दरवाजातून बाहेर पडलो. इथून उतार सुरू होतो आणि तो या वाटेवरचा सगळ्यात त्रासाचा भाग आहे, असं माझं मत. चढ दमवतो, पण हा उतार पाडतो. मुरमाचा घसारा, त्यावर वाळलेलं गवत. गवतावर पाय ठेवला की सरकतो. भाच्याने पुढे राहून पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं. जिथे विश्वास वाटला नाही तिथे आम्ही दोघी सरळ खाली बसून उतरलो. पॅन्ट फाटली तरी चालेल, पण घोटा शाबूत राहिला पाहिजे.

तिथेच जाऊच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. आधी टाचेकडून लोंबायला लागला, मग पन्नास पावलांत पूर्ण निघाला. बूट चांगले, महागाचे होते. लॉकडाऊनच्या आधी घेतलेले, फार वापर न झालेले. दिसायला नवेच. पण डिंक आणि आतला फोम वापराविना पडून राहिल्यानंच खराब होतो, हे पुण्यात आल्यावर चांभारानं सांगितलं. तळ हातात घेऊन बघितला तर मधला थर भुसभुशीत झाला होता, बोटानं चुरा पडत होता.

आम्ही तळ परत बसवून वरून नायलॉनची दोरी गुंडाळली. दहा मिनिटांत दोरी दगडावर घासून तुटली. मग क्रेप बँडेज गुंडाळलं, ते थोडं टिकलं. तोवर डाव्या बुटाचा तळही पुढून उघडला. तशीच ती खिंडीपर्यंत आली. माझ्या सॅकमध्ये पट्ट्यांचे सँडल होते, मुक्कामाला घालायला म्हणून घेतलेले. पण मुरमाच्या उतारावर सँडल नकोत म्हणून तिने ते लगेच घातले नाहीत आणि ते बरोबरच होतं.

खिंडीत पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. इथे डांबरी रस्ता धार ओलांडतो. एका बाजूला वेल्हे, दुसऱ्या बाजूला भुतोंडे. रविवार असल्यामुळे एक मावशी लिंबू सरबत आणि ताक घेऊन बसल्या होत्या. आम्ही ताक प्यायलो आणि सावलीत बसून बोललो.

वेळ हाताशी होती, बूट नव्हते. पुढे धार, मग चढ आणि शेवटी कातळ. मावशींनी सांगितलं की थांबलात तर वेल्ह्याकडे जाणारं काहीतरी मिळेल. जाऊने दोन मोजे चढवून माझे सँडल घातले. तिला एक नंबर मोठे. रस्त्यावर फेऱ्या मारल्या, रस्त्याकडेच्या मातीच्या चढावर वर-खाली करून बघितलं. मग म्हणाली, "ताई, मला चालेल. तुम्हाला काय वाटतं?" ती नको म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. माझेही पाय भरून आले होते आणि बुधला माचीखालच्या शिडीची मला धास्ती होती. पण तिचे पाय खरोखर ठीक होते आणि घड्याळात एक वाजला नव्हता. निघालो. तिची सॅक भाच्याने आणि मी वाटून घेतली, म्हणजे तिचा तोल सांभाळला जाईल.

खिंडीनंतरची वाट फसवी आहे. धारेवरून चालताना बाजूच्या उतारावर आडव्या जाणाऱ्या ढोरवाटा जागोजागी फुटतात. त्या जास्त रुंद, जास्त मळलेल्या आणि सपाट असतात. खरी वाट अरुंद असते आणि वर चढते. दमलेला माणूस सपाट वाटेनंच जातो. आम्हीही एका आडव्या वाटेनं बराच वेळ गेलो. मग कारवी सुरू झाली, गवत कमरेपर्यंत आलं आणि वाट तीन फाट्यांत विरून गेली. मातीत बुटांचे ठसे नव्हते, फक्त खुरांचे होते. भाचा थांबला आणि म्हणाला, परत फिरू. त्याने "इथूनच वर काढू" असं म्हटलं नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला ते सुचणं सोपं नाही. त्या गचपणातून सरळ वर चढायला गेलो असतो तर कुठल्या कातळाखाली अडकलो असतो कोण जाणे.

परत फाट्यावर आलो तर तिथे एक धनगर आजोबा शेरडं घेऊन उभे होते. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. काठीनं धार दाखवली आणि म्हणाले, "ही सोडू नका. दोन्हीकडची दरी दिसत ऱ्हायली पायजे." त्यानंतर आम्ही तेच केलं. दर फाट्यावर थांबून बघायचं, दोन्ही बाजू दिसतात का. एकच बाजू दिसत असेल तर ती वाट आपली नव्हे. पुढे दगडांच्या लगोऱ्या आणि कातळावर रंगवलेले बाण दिसत गेले.

तोरण्याच्या शेवटच्या चढाला ऊन तोंडावर येतं. तिथे भाच्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. जाऊच्या सॅकमधलं सामान, वरून दुपारचं ऊन. सकाळपासून तो सगळ्यांना पाणी देत होता आणि स्वतः कमी पीत होता, हे तेव्हा कळलं. ओआरएसची पुडी पाण्यात घालून सावकाश पाजली, पोटऱ्या चोळल्या, वीस मिनिटं बसवलं. मिठातलं लिंबाचं लोणचं फोडीसकट खायला दिलं. नुसतं पाणी घटाघटा पिऊन गोळे जात नाहीत, मीठ जावं लागतं पोटात. मग जाऊने तिची सॅक परत पाठीवर घेतली.

शिडीपाशी पोचलो तर तिथे रांग. पुण्या-मुंबईचा मोठा ग्रुप पुढे होता, एकेक जण शिडीवर. ते चाळीस मिनिटं आम्ही बुधला माचीखाली कातळाला टेकून थांबलो. त्यांच्या लीडरने जाऊचे सँडल बघितले आणि आपण होऊन कमरेला दोर बांधून दिला. शिडी चढताना दोराची गरज पडली नाही. पण शिडीच्या वरचा कातळ, जिथे हात कुठे घालायचा ते पटकन दिसत नाही, तिथे त्या दोरानं तिला धीर आला. मी दोराशिवाय चढले. खाली बघितलं नाही. वर पोचल्यावर पाय काही वेळ थरथरत होते आणि मी बुटाची नाडी बांधत बसल्यासारखं केलं.

बुधला म्हणजे उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा उभा कातळ, त्यावरून माचीला नाव. तिथून मागे वळून बघितलं की आपण आलो ती सबंध धार आणि तिच्या टोकाला राजगड दिसतो. सकाळी जिथून बघून भीती वाटली होती ती संजीवनी माची आता एवढीशी दिसत होती. आम्ही तिघंही तिथे बसून राहिलो असतो, पण साडेचार वाजले होते आणि सूर्य सहाला मावळतो.

कोकण दरवाजातून मुख्य गडावर आलो. मेंगाई मंदिराशी पाच मिनिटं टेकलो, टाक्यातून पाणी घेतलं. उरलेले गुळाचे खडे आणि शेंगदाणे वाटून खाल्ले. उजेड असतानाच कोठी दरवाजा आणि बिनी दरवाजा उतरून रेलिंगचा भाग पार करायचा, एवढंच आता लक्ष्य होतं. रेलिंग संपलं आणि अंधार पडला. पुढची सोंड लांब आहे, मुरूम आहे, पण वाट रुंद आणि मळलेली, चुकण्यासारखी नाही. हेडलॅम्प दोन होते, तिसरा मोबाइलचा उजेड. मोबाइल लवकरच संपला. मग जाऊला मध्ये घेतलं, पुढचा हेडलॅम्प भाच्याकडे, मागचा माझ्याकडे. सँडलमध्ये पाय पुढे सरकून तिच्या दोन्ही अंगठ्यांना फोड आले होते. ती शेवटचा भाग आडवी-आडवी पावलं टाकत उतरली. एकदाही कुरकुरली नाही. मीच दोनदा "अजून किती रे" विचारलं.

पावणेआठला वेल्ह्यात पोचलो. गाडी अंगणात होती. हॉटेलवाल्या काकांनी लगेच चहा टाकला आणि गरम पाण्याची बादली दिली. जाऊने पाय बादलीत घातले आणि मग पहिल्यांदा डोळे पुसले. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं," आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही.

आता थोडं दिशेबद्दल, कारण आल्यापासून ओळखीचे लोक तेच विचारतात. काही जण तोरण्याकडून राजगडाकडे जातात. माझं मत राजगडाकडून जाण्याचं आहे. दिवसाच्या शेवटी उशीर होणारच असं धरून चालावं. दमलेल्या पायांनी, अंधारात उतरायला वेल्ह्याची मळलेली सोंड चोर दरवाजाच्या कातळापेक्षा कितीतरी बरी. शिवाय अळू दरवाजाखालचा तो घसारा सकाळी ताज्या पायांनी उतरलेला चांगला. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, शिडीवरचा वेळ वाचेल. पावसात ही धार धुक्यात जाते आणि दोन्हीकडची दरी दिसत नाही. उन्हाळ्यात सावली नाही आणि पाणीही नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हेच दिवस.

जुने बूट घरात पडलेले असतील तर आठवडाभर आधी ते घालून इमारतीचे जिने चढून-उतरून बघा, टाच हातानं ओढून बघा. आणि आदल्या रात्री, जेवताना, खिंडीत पोचायची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. ती उलटली तर त्या दिवशी तोरणा सोडून द्या आणि रस्त्यानं खाली जा. वेल्ह्यातून तोरणा पुन्हा कधीही चढता येतो.